गांधीबागेतले सात संगणक आणि सरांच्या सहीचं टोकन

जुलै २०२५ चा शेवटचा आठवडा. नागपूरच्या इतवारीतल्या एका किराणा ठोक व्यापाऱ्यानं आपल्या सीएला फोन केला, "सर, तुमच्या मेलवरून नोटीस आली आहे. उघडू का?" सरांनी कुणालाच नोटीस पाठवली नव्हती. दुपारपर्यंत असे अकरा फोन झाले. ऑफिसच्या मेलवरून, खाली ऑफिसचाच पत्ता आणि फोन नंबर टाकून, निम्म्या पार्ट्यांना, म्हणजे अशिलांना, एक झिप फाइल गेली होती. हिशेबाच्या धंद्यात पार्टीचा विश्वास हेच भांडवल, त्यामुळे सरांचा चेहरा कसा झाला असेल ते सांगायला नको.

मी बर्डीवर राहतो आणि लहान ऑफिसांचे संगणक एएमसीवर, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारावर, सांभाळतो. हे ऑफिस तोवर माझ्याकडे नव्हतं. एका ओळखीच्या दुकानदारानं माझा नंबर दिला आणि मी मेट्रोच्या ॲक्वा लाइननं अग्रसेन चौकात उतरून गांधीबागेत पोचलो. तेव्हापासून नोव्हेंबरपर्यंत तिथे काय काय झालं ते लिहितो आहे, कारण "विंडोज बरं, मॅक बरं की लिनक्स?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणी विचारतंच, आणि चहा संपेपर्यंत देता येईल असं त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

ऑफिसात सात मशिनं होती. पत्रव्यवहार आणि मराठी टायपिंग करणाऱ्या ताईंचं एक, रिसेप्शनचं एक, स्कॅनिंगचं एक, ही तिन्ही चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरची, चार जीबी रॅम, जुनी फिरती हार्डडिस्क. चौथं अकाउंटंट भाऊंचं, सहाव्या पिढीचं आय-फाइव्ह. त्याच्यावरच टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, सगळा डेटा आणि तेच ऑफिसचं 'सर्व्हर'. दोन आर्टिकल पोरांकडे, म्हणजे सरांच्या हाताखाली सीएचं काम शिकणाऱ्यांकडे, विंडोज ११ चे दोन लॅपटॉप. आणि सरांच्या टेबलावर पुण्याच्या मुलीनं दिलेली मॅकबुक एअर, एम-वन वाली. बाकी चारांवर विंडोज १०.

झालं कसं

ताईंच्या व्हॉट्सॲप वेबवर एका अनोळखी नंबरवरून 'आयकर नोटीस' आली. झिप उघडली, आत पीडीएफचं चित्र असलेली फाइल. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट मुळातच लपवून ठेवतं, त्यामुळे नावाच्या शेवटी ईएक्सई होतं ते दिसलंच नाही. डबल क्लिक केल्यावर निळी खिडकी आली, 'विंडोजनं तुमच्या पीसीचं रक्षण केलं' अशा अर्थाची. ताईंनी 'अधिक माहिती' दाबलं, मग 'तरीही चालवा' दाबलं.

मी विचारलं, "ताई, एवढी मोठी निळी खिडकी आली, तरी काहून दाबलं?"

"दादा, ती तर दर महिन्याला येते ना जी. बिलाच्या सॉफ्टवेअरचं अपडेट आलं की हेच दोन बटन दाबाचे म्हणून मलाच कागदावर लिहून देल्लं हाये." आणि त्यांनी मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला तो कागद दाखवला. १. मोअर इन्फो. २. रन एनीवे. निळ्या पेननं, खाली दोन रेघा मारून.

इथेच माझं डोकं ठिकाणावर आलं. तोवर मी मनात त्यांनाच दोष देत होतो.

पुढची तपासणी केली तेव्हा आणखी निघालं. तिन्ही आय-थ्रीवरचं विंडोज ॲक्टिव्हेटर मारून, म्हणजे लायसन्स न घेता चोरट्या प्रोग्रॅमनं, चालू केलेलं होतं. तो ॲक्टिव्हेटर डिफेंडरला, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसला, चालत नाही, म्हणून ज्यानं कुणी तो टाकला त्यानं अख्खा सी ड्राइव्हच तपासणीतून वगळून ठेवला होता. म्हणजे पहारेकरी जागा, पण त्याला सांगितलेलं की घरात बघायचं नाही. शिवाय तिन्ही मशिनांवरचं खातं ॲडमिनचं, आणि परवानगी विचारणारी यूएसीची खिडकी शून्यावर ओढलेली.

आता एक गोष्ट सरळ सांगतो, कारण ती पुष्कळ जण उलटी समजतात. ताईंचं खातं साधं असतं आणि यूएसी चालू असतं, तरी ही चोरी बहुतेक झालीच असती. त्या फाइलला संगणकाचा मालक व्हायचंच नव्हतं. ब्राउझरमध्ये ऑफिसचा मेल कायम लॉगिन असतो, त्या लॉगिनची कुकी, म्हणजे 'हा माणूस आत आलेला आहे' असं सांगणारी छोटी नोंद, तेवढी उचलायची होती. ती कुकी ताईंच्याच फोल्डरमध्ये असते आणि ताईंनी चालवलेला कुठलाही प्रोग्रॅम ती वाचू शकतो. पासवर्ड लागत नाही, ओटीपी लागत नाही. २०२४ च्या जुलैत क्रोमनं विंडोजवर कुकीला जास्तीचं कुलूप लावलं, तर चोरांनी काही महिन्यांतच त्यालाही वाट काढली.

मग हीच फाइल दुसऱ्या सिस्टिमवर आली असती तर? सरांच्या मॅकवर ती उघडलीच नसती, कारण ती विंडोजची. पण मॅकसाठीही असले चोर आता बनतात. २०२३ मध्ये 'ॲटॉमिक स्टीलर' नावाचा निघाला, तो खोटी खिडकी दाखवून तुमचाच पासवर्ड मागतो आणि माणसं देतात. फरक असा की मॅकवर अनोळखी प्रोग्रॅमला हात धरून आत न्यायला जास्त कष्ट पडतात. मॅकच्या २०२४ च्या सिक्वोया आवृत्तीपासून ॲपलनं कंट्रोल-क्लिकची पळवाट बंद केली, आता सेटिंगमध्ये खोल जाऊन परवानगी द्यावी लागते. दोन बटणांचा कागद मॉनिटरला चिकटवण्याइतकं ते सोपं राहिलेलं नाही.

लिनक्सवर नुसत्या डाउनलोड केलेल्या फाइलला 'चालण्याचा' हक्कच नसतो, तो वेगळा द्यावा लागतो. आणि खरं सांगायचं तर लिनक्सच्या डेस्कटॉपसाठी असली नोटीस बनवायला फारसं कुणी बसत नाही. हे काही चिलखत नव्हे. गर्दी नसलेल्या गल्लीत खिसेकापू कमी असतात, इतकंच. पण कमी असतात हेही खरंच ना?

पासवर्डची एक्सेल

शेअर फोल्डरमध्ये 'पार्टी पासवर्ड' नावाची एक्सेल होती. सगळ्या पार्ट्यांचे आयकर आणि जीएसटीचे आयडी-पासवर्ड एका शीटवर, फोल्डर सगळ्यांना सताड उघडं. ज्यांनी कुठल्याही कर सल्लागाराच्या ऑफिसात काम केलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. ती फाइल बाहेर गेली की नाही हे मला ठरवता आलं नाही, म्हणून गेलीच असं धरलं. पाच माणसं चार दिवस पासवर्ड बदलत बसली. नशीब इतकंच की त्या वर्षी विवरणपत्राची मुदत ३१ जुलैऐवजी १५ सप्टेंबर केली होती, नाहीतर त्या आठवड्यात कुणी माझ्याशी बोललंही नसतं. एक्सेल गेली, तिच्या जागी पासवर्ड मॅनेजर आला. याचा ऑपरेटिंग सिस्टिमशी संबंध नाही, पण माझ्या मते ऑफिसच्या सुरक्षिततेतला सर्वांत मोठा फरक या एकाच बदलानं पडला.

चौदा ऑक्टोबर

हे निस्तरत असतानाच दुसरा प्रश्न डोक्यावर होता. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपत होती, म्हणजे ऑडिटचा हंगाम भरात आणि दिवाळी आठवड्यावर. त्यानंतर नवं भोक सापडलं की ते बुजवणारा पॅच येणार नाही. यावर भाऊ म्हणाले, "माझ्या घरी अजून सेव्हन चालू हाये. काय होते त्याला?"

मी त्यांना २०१७ चा मे आठवून दिला. वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस आला तेव्हा त्यासाठीचा पॅच मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. दोन महिने ज्यांनी तो लावला नाही त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या, इंग्लंडची सरकारी हॉस्पिटलं त्यात अडकली. तो किडा एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला तो फाइल शेअर करण्याच्या जुन्या एसएमबी-१ पद्धतीतून, कुणी काही न दाबता. आणि भाऊंच्या मशिनवर एसएमबी-१ चालू होतं! विंडोज १० मध्ये २०१७ च्या शेवटापासून ते मुळात येतच नाही, कुणीतरी मुद्दाम चालू केलं होतं. कारण शोधलं तर कोपऱ्यातला भाड्याचा कॉपियर निघाला. त्याला स्कॅन केलेला कागद फोल्डरमध्ये टाकायला तीच एक जुनी भाषा येत होती. एका कॉपियरच्या सोयीसाठी टॅलीच्या डेटाचं दार उघडं.

पर्याय मोजायला बसलो. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, चालू होतानाच तपासणी करणारं सिक्युअर बूट आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. चार मशिनं त्यात बसत नव्हती. तपासणी चुकवून ११ टाकता येतं, यूट्यूबवर पोरं दहा मिनिटांत टाकून दाखवतात. पण अशा मशिनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही असं मायक्रोसॉफ्टच सांगतं, आणि अपडेटसाठीच तर हा सगळा खटाटोप होता. पैसे देऊन मुदत वाढवणं हाही मार्ग होता. संस्थांना पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. पण दहा-बारा वर्षांच्या, ॲक्टिव्हेटर मारलेल्या आय-थ्रीसाठी?

सरांनी मला विचारलं, "सगळ्यांना मॅक घेऊन टाकू का? माझ्या मॅकला तीन वर्षांत व्हायरस लागला नाही." मोठ्या आर्टिकलचं म्हणणं, सगळीकडे लिनक्स टाका, फुकट आहे आणि त्याला काही होतच नाही. त्याला मी २०२४ च्या मार्चमधली एक्सझेडची गोष्ट सांगितली. लिनक्समध्ये सगळीकडे असलेल्या एका छोट्या लायब्ररीत कुणीतरी दोनेक वर्षं भला माणूस बनून, विश्वास कमावून, चोरदार बसवलं. ते सापडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरला दूरच्या मशिनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याची चुटपुट लागली म्हणून. गंमत म्हणजे तो नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये. ते दार डेबियन, उबंटू या लिनक्सच्या प्रकारांच्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत पोचायच्या आत पकडलं गेलं. त्याला नशीब म्हणा, किंवा कोड उघडा असल्याचा फायदा म्हणा. मी दोन्ही म्हणतो.

सगळ्यांसाठी एक सिस्टिम निवडायची हा विचार मी तिथेच सोडला. टेबलागणिक बघायचं ठरवलं: या खुर्चीवरचा माणूस दिवसभर काय करतो, आणि संगणकानं त्याला अडवलं तर तो काय करेल?

मारबतीच्या दिवशी

तान्ह्या पोळ्याला मारबत निघते. काळी आणि पिवळी मारबत, पुढेमागे बडगे, अशी पुतळ्यांची मिरवणूक; त्या दिवशी इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते. ऑफिस बंद. मी सकाळी सहालाच आत शिरलो आणि संध्याकाळपर्यंत मशिनं माझ्या ताब्यात होती. बाहेरून 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' ऐकू येत होतं आणि मी आत ताईंच्या मशिनची जुनी डिस्क पुसत होतो. योगायोग चांगला होता.

ताईंच्या आय-थ्रीला एसएसडी आणि आठ जीबी रॅम बसवली, दोन्ही मिळून तीन हजारांच्या आत. वर लिनक्सचाच एक प्रकार, मिंट २२, ज्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार. चालू व्हायला आधी चार मिनिटं लागायची, आता अर्धं मिनिट. एवढ्यावर माझं काम झालं असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या कामाच्या दिवशी अकरा वाजता फोन. "दादा, याच्यात 'उत्तर' लिहिता नाही येत."

ज्यांनी कृतिदेववर काम केलंय त्यांच्या लक्षात आलं असेल. ताई टायपिंगच्या क्लासात रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरची मांडणी, शिकलेल्या, वीस वर्षं कृतिदेव. कृतिदेव हा नुसता फॉन्ट, तो लिनक्सवरही बसतो आणि दिसतोही. पण त्यातली काही जोडाक्षरं कीबोर्डवर नाहीतच. ती काढायला ऑल्ट धरून आकडे दाबायचे. उत्तरमधल्या त्त साठी ऑल्ट आणि ०२१७. ताईंना असे पंधरा-वीस आकडे तोंडपाठ, बोटांनाच पाठ म्हणा. ही ऑल्टची सोय विंडोजची, लिनक्सवर ती नाही. अर्धा त आणि पुढे पूर्ण त असं लिहिता येतं, पण ते पाहून ताई म्हणाल्या, "हे फुटलेलं दिसते." आणि ऑफिसातलं निम्मं टायपिंग काय, तर नोटिशीला उत्तर!

त्या दोन दिवसांत ताईंनी काय केलं ते महत्त्वाचं. पत्रं पेनड्राइव्हवर घेऊन त्या खालच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन टाइप करून आणत होत्या. पार्टीचं नाव, पॅन, रकमा, सगळं त्या दुकानातल्या संगणकावर उघडत होतं. म्हणजे मी बसवलेली जास्त सुरक्षित सिस्टिम प्रत्यक्षात ऑफिसचे कागद रस्त्यावर नेत होती. चूक माझी. टायपिंग कशात करता हे मी विचारलं होतं, कसं करता हे विचारलं नव्हतं.

उपाय निघाला तो युनिकोडचा, म्हणजे संगणकाला मराठी अक्षर मराठी म्हणूनच कळतं त्या पद्धतीचा. रेमिंग्टनच्या मांडणीचा युनिकोड कीबोर्ड बसवून दिला, त्यात बोटं बहुतेक जुन्याच जागी पडतात आणि त + हलन्त + त केलं की त्त आपोआप जुळतो. तरी तीन आठवडे ताई चिडलेल्या होत्या. माझ्या समजावण्यानं त्या वळल्या नाहीत. वळल्या दोन गोष्टींनी. एक, त्यांचा भाचा जिल्हा न्यायालयात कारकून आहे. ई-कोर्ट प्रकल्पात कोर्टांना उबंटूच दिलेलं आहे, तो म्हणाला, "आत्या, आम्ही तर कधीचंच हेच वापरून राहिलो." दुसरी, युनिकोडमध्ये लिहिलेलं पत्र सहा महिन्यांनी पार्टीच्या नावानं शोधलं की सापडतं. कृतिदेवच्या फायलीत नाव शोधायला गेलं की संगणकाला तिथे इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो.

डिस्क एनक्रिप्ट करायची, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करायची, की नाही यावर मी मागे आलो. पहिल्यांदा केली होती. मग चालू करताना लागणारा पासवर्ड कूलरच्या वर टांगलेल्या कॅलेंडरच्या मागे लिहिलेला सापडला. ताईंच्या मशिनवर तसाही कुठला डेटा ठेवत नाही, मशीन कुलपाच्या आत असतं, म्हणून ते काढून टाकलं. लॅपटॉपचं वेगळं. धाकटा आर्टिकल दर शनिवारी एसटीनं अमरावतीला जातो, लॅपटॉप पाठीवर. तिथे एनक्रिप्शन बंद ठेवायचा प्रश्नच नाही.

रिसेप्शनच्या मशिनवर मी आधी क्रोमओएस फ्लेक्स, म्हणजे गूगलची ब्राउझरभोवती बांधलेली सिस्टिम, टाकून पाहिलं. सुरक्षेच्या दृष्टीनं ते मला यातलं सर्वांत आवडतं: बाहेरचा प्रोग्रॅम सहजी बसवता येत नाही, अपडेट आपोआप, बिघडलं तर पुसून अर्ध्या तासात नवं. ताईंची ती नोटीस इथे शोभेची वस्तू ठरली असती. पण रिसेप्शनचा जुना लेझर प्रिंटर त्याला ओळखूच येईना, आणि पावती छापल्याशिवाय रिसेप्शन कसलं? चार दिवसांत काढलं, मिंट टाकलं. तिसरं आय-थ्री भंगार, त्याचे सुटे भाग कामाला आले.

टॅली, आणि आर्टिकल पोरं

भाऊंच्या टेबलावर चर्चेला जागाच नव्हती. टॅली विंडोजचं, आयकराच्या एक्सेल युटिलिटीतले मॅक्रो खऱ्या एक्सेलशिवाय चालत नाहीत, लिनक्सवरच्या फुकट लिबरऑफिसमध्ये फाइल उघडते आणि बटणं मुकी राहतात. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइनमधून टॅली चालवणारे लोक आहेत, पण ऑडिटच्या रात्री अडकलं तर ते मला फोन करणार, आणि मला त्या रात्री झोपायचं असतं. नवं मशीन घेतलं, विंडोज ११ प्रो, रीतसर लायसन्सचं.

जुन्या सहाव्या पिढीच्या आय-फाइव्हवर डेबियन टाकून त्याला बॅकअपचं काम दिलं. आधी बॅकअपची हार्डडिस्क भाऊंच्या मशिनला कायम लावलेली असायची. किडा आला असता तर मूळ आणि प्रत दोन्ही खाऊन गेला असता. आता डेबियनचं मशीन रात्री स्वतः येऊन फायली ओढून नेतं. विंडोजच्या कुठल्याच मशिनला त्याच्यात लिहिता येत नाही. कॉपियरही याच मशिनच्या एका फोल्डरमध्ये एफटीपीनं, म्हणजे फायली पाठवायच्या जुन्या पद्धतीनं, स्कॅन टाकतो. एफटीपी जुनाट आहे, पासवर्ड उघडा जातो, हे माहीत आहे. पण त्या खात्याला त्या एका फोल्डरपलीकडे काही दिसत नाही, आणि एसएमबी-१ ऑफिसातून गेलं.

आर्टिकल पोरांची खाती साधी केली, ॲडमिनचं खातं वेगळं, त्याचा पासवर्ड भाऊंकडे. पहिल्या आठवड्यात पासवर्डसाठी भाऊंना तेवीस वेळा उठावं लागलं. त्यांनी वहीत रेघा मारल्या होत्या, मला दाखवायला. "असं चाललं तर मीच त्याहीले पासवर्ड सांगून टाकतो," म्हणाले. आणि खरंच सांगितला असता. म्हणून तेवीसातले कुठले वारंवार येतात ते पाहिलं. बहुतेक त्याच दोन-तीन प्रोग्रॅमांची अपडेटं. ती मी आठवड्यातून एकदा दुरून करायला लागलो. पुढच्या आठवड्यात चार रेघा. चार वेळा उठायला भाऊंची हरकत नव्हती. आणि बिलाच्या त्या सॉफ्टवेअरचं अपडेटही माझ्याच यादीत आलं. मॉनिटरचा तो कागद ताईंनी स्वतः काढला.

सरांचं टेबल

सगळ्यात शेवटी मी सरांच्या मॅककडे वळलो, कारण तिथे काही प्रश्न नसणार असं मी धरून चाललो होतो. फाइलव्हॉल्ट (मॅकचं डिस्क एनक्रिप्शन) चालू, अपडेट वेळेवर, सर मेल आणि पीडीएफशिवाय काही करत नाहीत. सातांतलं सर्वांत निर्धास्त मशीन.

मग एका दुपारी, सर जेवायला घरी गेलेले असताना, मोठ्या आर्टिकलनं ड्रॉवर उघडलं, त्यातून सरांच्या डिजिटल सहीची किल्ली असलेलं यूएसबी टोकन काढलं, लॅपटॉपला लावलं, पिन टाकला आणि एका ऑडिट रिपोर्टवर सरांची डिजिटल सही करून टोकन परत ठेवलं. अगदी सहज, पेन उचलावं तसं. मी विचारलं, पिन किती जणांना माहीत आहे? "सगळ्याहीले," तो म्हणाला. "सरांच्या मॅकवर ते टोकन चालत नाही ना."

तीन वर्षं असंच चाललं होतं. मॅक आली तेव्हा टोकनचा ड्रायव्हर बसेना, म्हणून सरांनी 'तात्पुरतं' टोकन पोरांकडे दिलं. ज्या टोकनमधली किल्ली कॉपीसुद्धा करता येत नाही, ज्याच्या सहीला कायद्यानं हाताच्या सहीचं वजन आहे, ते उघड्या ड्रॉवरमध्ये. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४२ सांगतं की खाजगी किल्लीवर ताबा ठेवण्याची वाजवी काळजी ज्याची सही त्यानंच घ्यायची. सर सीए आहेत, कलमं त्यांना मी काय सांगणार? मी फक्त एवढं म्हणालो, "सर, जुलैत ताईंच्या मशिनमधून मेल गेला. या ड्रॉवरमधून तुम्ही जाऊ शकता."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅक घेताना मला वाटलं होतं, मी सगळ्यांत सुरक्षित आहे."

मॅकवर टोकन चालवायचा मी दोन दिवस प्रयत्न केला. ड्रायव्हर बसला, टोकन दिसलं, पण सही करणाऱ्या प्रोग्रॅमला ते दिसेना. माझ्याच्यानं जमलं नाही. शेवटी सरांच्या टेबलावर मॅकच्या शेजारी एक छोटा विंडोज ११ चा पीसी ठेवला, फक्त सहीसाठी. त्याच्यावर मेल नाही, व्हॉट्सॲप नाही. पिन बदलला, टोकन सरांच्या गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात अडकवलं. टेबल अडलं म्हणून सर कुरकुरले. पोरं त्याहून जास्त कुरकुरली, कारण आता सर जेवून येईपर्यंत थांबावं लागायचं.

त्या वर्षी ऑडिट रिपोर्टची मुदत ३० सप्टेंबरवरून ३१ ऑक्टोबर आणि पुढे १० नोव्हेंबर झाली. चौदा ऑक्टोबर आला आणि गेला. ऑफिसात विंडोज १० चं एकही मशीन उरलं नव्हतं आणि त्या दिवशी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. ताईंनी दिवाळीच्या फराळाची यादी युनिकोडमध्ये टाइप करून मला पाठवली, त्यात 'सत्तू' नसतानाही घातला होता, त्त दाखवायला.

शेवटच्या मुदतीच्या आदल्या रात्री सरांना एका मयतीसाठी तातडीनं यवतमाळला जावं लागलं. सात रिपोर्ट सहीचे बाकी. टोकन त्यांनी मोठ्या आर्टिकलच्या हातात दिलं आणि पिन फोनवर सांगितला. हे मला अकरा तारखेच्या सकाळी कळलं, त्यांच्याच तोंडून. पावणेआठला फोन आला.

"दादा, तो पिन बदलायचा आहे. तुम्ही येऊ नका, फक्त कुठे दाबायचं तेवढं सांगा."